पाहिलंत की ऐकलंत?

ओव्हाळकाकांना कुणी सहज म्हणावं, "मार्केट यार्डापाशी मोठा अपघात झाला म्हणे," की ते चष्म्यावरून बघत आणि विचारत, "पाहिलंत की ऐकलंत?"

आवाजात खोच नसे. पत्ता विचारावा तसं विचारत. समोरचा "ऐकलं" म्हणाला, की काका मान हलवून म्हणत, "मग झाला असेल. किंवा नसेल." आणि पुन्हा कुंडीतली माती उकरायला लागत. बिबवेवाडीतल्या आमच्या सोसायटीत त्यांच्याशी गप्पा मारायला त्यामुळे फारसं कुणी जात नसे. गप्पा ऐकीव गोष्टींवरच तर चालतात.

काका कोर्टात लघुलेखक होते. पस्तीस वर्षं त्यांनी साक्षी उतरवून घेतल्या. साक्षीदार आपल्या भाषेत बोलणार, न्यायाधीश त्यातलं कामाचं तेवढं मजकूर म्हणून सांगणार, आणि काकांनी ते लघुलिपीत टिपायचं. "म्हणजे मी दोन्ही ऐकायचो आणि एकच लिहायचो," ते एकदा मला म्हणाले होते. "एक बाई साक्षीला आली होती. म्हणाली, ‘सायेब, तो आला तवा माझे हात पिठात होते, मी भाकरीकडं बघत होते, त्याच्याकडं कशाला बघू?’ लिहिलं गेलं, ‘आरोपीस मी नीट पाहिले नाही.’ बरोबरच होतं ते. पण अनघाताई, पीठ गेलं ना त्यातलं."

निवृत्त झाल्यावरही ते रोज सकाळी ब्लेडने पेन्सिली तासायचे. आणि एक सवय होती. आपण बोलायला लागलो की त्यांच्या उजव्या हाताचं बोट मांडीवर हलायला लागायचं. आपलं बोलणं तिथं लेंग्यावर उतरतंय हे लक्षात आल्यावर माणसं आपोआप जपून बोलत.

एकदा सोसायटीच्या गच्चीवरचे पितळी नळ चोरीला गेले. आमचे सेक्रेटरी देवधर यांनी सभा बोलावली आणि वॉचमन शिंद्यांना काढून टाकायचं ठरल्यासारखंच होतं. शिंदे दाराशी उभे. काका उठले आणि एकेकाला विचारत गेले. देवधरांना त्यांच्या पत्नीनं सांगितलं होतं, पत्नीला कामवाल्या बाईनं, आणि कामवाल्या बाईला तर नळ गेलेत हेच माहीत नव्हतं. ती शिंद्यांच्या मुलीच्या लग्नाबद्दल काहीतरी बोलली होती.

"ओव्हाळ, हे कोर्ट नाही," देवधर वैतागून म्हणाले.

"म्हणून तर जास्त जपायला हवं," काका म्हणाले. "कोर्टात निदान अपील असतं."

शिंद्यांची नोकरी राहिली. देवधरांनी पुढं महिनाभर काकांना नमस्कार केला नाही, आणि काकांच्या ते लक्षातही आलं नसावं.

काकांच्या वडिलांनी नागपूरला जाऊन दीक्षा घेतलेली. खडी फोडणारा माणूस, पण मुलाला म्हणाला होता, तुझ्या हाताला लिहायचं काम मिळव. काकांनी ते मिळवलं आणि मुलाला, मिलिंदला, इंजिनिअर केलं. मिलिंद एकुलता एक. तीस वर्षांचा, उंच, आणि पराकोटीचा भिडस्त. लिफ्टमध्ये कुणी असलं तर हा जिन्यानं जायचा. माझ्याकडे जेवायला बसला आणि भाजीत मीठ नसलं तरी मागायचा नाही, मुकाट्यानं संपवायचा. सुमनकाकू, त्याची आई, म्हणायच्या, "ह्याचं लग्न ठरलं तर मुलीशी कोण बोलणार, मी?"

कंपनीच्या कामासाठी तो विमानानं निघाला होता आणि त्या विमानाचं अपहरण झालं.

दोन दिवस साऱ्यांनी ते टीव्हीवर पाहिलं. पाहिलं म्हणजे काय, धावपट्टीच्या टोकाला उभं असलेलं एक पांढरं विमान पाहिलं. आत काय चाललंय ते बाहेरच्या कुणालाच दिसत नव्हतं, आणि बोलत मात्र सगळे होते. ओव्हाळांच्या तळमजल्यावरच्या घरात माणसं मावत नव्हती. सुमनकाकू बुद्धमूर्तीसमोर भिंतीला टेकून बसल्या होत्या. काका फोनशेजारच्या खुर्चीत. दर थोड्या वेळानं कुणीतरी मोबाइल हातात धरून आत यायचं. बायकांना सोडलं म्हणे. सगळ्यांना सोडलं म्हणे. पैशांवर तोडगा निघाला म्हणे. त्या दोन दिवसांत काकांनी एकदाही आपला प्रश्न विचारला नाही. प्रत्येकाकडे मान वर करून ते फक्त म्हणायचे, "नक्की ना?" मला त्याचीच जास्त भीती वाटली.

दुसऱ्या दिवशी दुपारी फोन आला. काकांनी उचलला, ऐकला, "हो" म्हणाले, "वडील बोलतोय" म्हणाले, आणि ठेवला. विमानात गोळीबार झाला होता. चार प्रवासी गेले होते. त्यातला एक मिलिंद होता. बाकीच्यांची त्याच संध्याकाळी सुटका झाली.

सुटून बाहेर आलेल्या प्रवाशांपुढे माइक गेले. त्यातली एक आठ-दहा सेकंदांची चित्रफीत सगळीकडे फिरली. घोंगडीत गुंडाळलेली एक म्हातारी बाई, चेहरा धड दिसत नाही, आणि ती म्हणते, "तो पोरगा उठला... आमच्यासाठी उठला हो तो."

एवढंच. पण दोन दिवसांत त्याचं केवढं झालं! मिलिंदनं झेप घेतली. मिलिंदनं बंदूक हिसकावली. मिलिंदनं एकाला आडवा केला आणि म्हणून बाकीचे वाचले. "पुण्याचा वाघ" अशा मथळ्याचा एक मेसेज माझ्याकडे माझ्या मावसबहिणीकडून आला. वाचताना माझे डोळे भरून आले आणि अंगठा दाबला गेला. मी तो सोसायटीच्या ग्रुपवर टाकला.

सोसायटीनं शोकसभा घेतली. फाटकावर मिलिंदच्या फोटोचा मोठा फ्लेक्स लागला. देवधर बोलायला उभे राहिले. देवधर वाईट माणूस नाहीत, त्या दिवशी तर ते मनापासून बोलत होते. "आपला मिलिंद," ते म्हणाले, "आपल्या सोसायटीचा मिलिंद, मृत्यूच्या डोळ्याला डोळा भिडवून..."

"देवधर," काका बसल्या जागेवरून म्हणाले, "हे आपल्याला कुणी सांगितलं?"

"अहो, सगळीकडे आलंय," देवधर म्हणाले.

"आपल्याकडे कुणाकडून आलं?"

देवधरांनी माझ्याकडे पाहिलं. काकांनीही पाहिलं. "आपल्याकडे, अनघाताई?"

"मावसबहिणीनं पाठवलं," मी म्हटलं.

"त्यांना?"

मला माहीत नव्हतं. सुमनकाकूंनी नवऱ्याची बाही ओढली. "अहो, पुरे करा. बोलू द्या त्यांना." आणि मग अगदी हळू, पण मी शेजारीच होते म्हणून मला ऐकू आलं, "तो शूर होता एवढं तरी राहू द्या माझ्याकडं."

काकांनी प्रश्न तिथंच सोडला. मांडीवरचं बोटही हललं नाही.

तीनेक आठवड्यांनी वारं फिरलं. सुटलेल्यांपैकी कुणीतरी एका वाहिनीवर म्हणालं, की सगळे शांत बसले होते, बोलणी होत आली होती, तेवढ्यात एक तरुण विनाकारण उठला आणि म्हणून गोळ्या सुटल्या. झालं. किराणा दुकानात, सकाळच्या योगासनांच्या वर्गात, रिक्षा थांब्यावर एकच वाद. कुणी म्हणे, त्यानं निदान काहीतरी केलं, तुम्ही असता तर सीटखाली लपला असता. कुणी म्हणे, कसली मर्दुमकी, गप्प बसला असता तर चौघे आज घरी असते. "हिरोगिरी करायला गेला आणि दुसऱ्यांना घेऊन मेला," हे वाक्य मी भाजीवाल्याकडे, मेथीची जुडी निवडता निवडता, एका शिकल्यासवरल्या बाईच्या तोंडून ऐकलं. मी जुडी पिशवीत टाकून पैसे दिले. मला तरी काय माहीत होतं?

फ्लेक्स निघाला. "उन्हानं फिकट झाला होता," देवधर म्हणाले. आणि त्याच बोलण्यात ते "त्यांचा मिलिंद" म्हणाले. महिन्याभरापूर्वीचा आपला मिलिंद आता त्यांचा झाला होता. या "त्यांचा"पुढं खालच्या आवाजात आणखीही काही बोललं गेलं. ते मी इथं लिहीत नाही, पण ते बोलणारे माझ्यासारखे होते आणि मला आपलं समजून बोलत होते, हे लिहायला हवं.

ओव्हाळांच्या टपालपेटीत एक चिठ्ठी आली. "तुमच्या मुलाच्या मस्तीपायी तीन संसार बुडाले." खाली नाव नाही. काकांनी ती मला दाखवली तेव्हा नीट चौकोनी घडी केलेली होती. सुमनकाकूंनी विहारात जाणं बंद केलं. दारावरची बेल वाजली की त्या आतल्या खोलीत जात.

एका शनिवारी काका माझ्याकडे आले. पूर्ण बाह्यांचा पांढरा शर्ट, खिशात चार पेन्सिली, हातात नवी वही.

"आपल्याला रविवारी वेळ असतो का?" त्यांनी विचारलं. "मला हल्ली गाडी चालवताना भान राहत नाही. आपल्या स्कूटरवर मागं बसवून न्याल?"

त्या विमानातले पुण्यात राहणारे प्रवासी त्यांनी शोधून काढले होते. बाराजण. प्रत्येकाला फोन करून ते म्हणाले होते, मी मिलिंदचा वडील, मला भांडायचं नाही, फक्त लिहून घ्यायचंय.

पुढचे चार महिने रविवारी मी त्यांना घेऊन हिंडले. कुणाकडे चहा मिळाला, कुणाकडे दारातच उभं राहावं लागलं. आयटीतलं एक तरुण जोडपं होतं. नवरा ठामपणे म्हणाला, "रेड टी-शर्ट होता त्याचा. स्ट्रेट धावून गेला तो." काकांनी लिहून घेतलं. मिलिंद घरून निघाला तेव्हा त्याच्या अंगात आकाशी शर्ट होता, आईनं इस्त्री केलेला. मग ते बायकोकडे वळले. ती म्हणाली, "ॲक्च्युअली काका, आम्ही खूप मागे होतो. सगळ्यांना हेड डाउन ठेवायला सांगितलेलं. सो... बघितलं असं नाही." एका व्यापाऱ्यानं सांगितलं की मिलिंद घोषणा देत उठला.

"आपण स्वतः ऐकलीत घोषणा?"

"म्हणजे... नंतर ऐकलं, की त्यानं दिली."

काकांनी तेही लिहिलं. त्यांनी कुणालाही खोटं पाडलं नाही. फक्त शेवटी प्रत्येकाला एक प्रश्न विचारायचे, "गोळी झाली तेव्हा आपल्या हातात काय होतं?" मंडळी आपापली कहाणी पाठ करून बसलेली असत, आणि या प्रश्नाशी ती कहाणी अडखळे. व्यापारी बराच वेळ आपल्या तळहाताकडे बघत राहिला. मग म्हणाला, "गोळीचा कागद होता. लिमलेटच्या. मी त्याच्या घड्या घालत होतो." आणि तो मोठा, जाडजूड माणूस रडायला लागला. काका त्याचं रडणं थांबेपर्यंत पेन्सिल धरून बसले.

हडपसरला रेखा नावाची बाई राहत होती. तिचा नवरा त्या चौघांतला. चौथ्या मजल्यावर तिनं आतलं दार उघडलं, बाहेरचं जाळीचं बंदच ठेवलं. काकांनी नाव सांगितलं.

"तुमच्या पोरानं माझा माणूस खाल्ला," ती जाळीतून म्हणाली.

"मला तेच विचारायचंय, बाई," काका म्हणाले. "खाल्ला का?"

तिनं आतलं दार लावून घेतलं. काका दोन जिने उतरले आणि पायरीवरच बसले. वही बंद होती. पण बोट गुडघ्यावर हलत होतं. तिचं ते एकच वाक्य ते पुन्हा पुन्हा लिहीत होते असं मला वाटलं.

शेवटचं नाव प्रधानबाईंचं होतं. त्या फोन घेत नव्हत्या. चार महिन्यांनी त्यांनी आपण होऊन फोन केला आणि म्हणाल्या, "या. आता मला सांगितलंच पाहिजे."

नारायण पेठेत, एका छापखान्याच्या वर दोन खोल्या. ऐंशीच्या घरातल्या बाई, मुलींच्या शाळेच्या मुख्याध्यापिका होत्या. पाठीचा कणा अजून सरळ. आम्हाला बसवलं, चहा ठेवला, आणि स्वतः उभ्याच राहिल्या.

"त्या चित्रफितीतली घोंगडीवाली बाई मी आहे," त्या म्हणाल्या. "मी खिडकीपाशी होते. तो शेजारी."

काकांनी वही उघडली.

"दुसऱ्या दिवशी सकाळपासून त्यानं तीनदा हात वर केला. जायचं होतं त्याला. कळलं ना तुम्हाला? तिन्ही वेळा बस म्हणाले. तोवर खूप जणांचं जागेवरच झालं होतं. माझंही. कुणी कुणाकडे बघत नव्हतं. पण त्याला ते जमेना. मला म्हणाला, ‘आजी, मला आवरत नाही आणि इथं करवत नाही.’ रडत होता हो. एवढा मोठा मुलगा, माझा हात धरून रडत होता."

काकांची पेन्सिल चालत होती. त्या खोलीत तेवढाच आवाज होता.

"मी म्हटलं..." बाई थांबल्या. त्यांनी खुर्चीची पाठ धरली. "मी म्हटलं, ‘ऊठ तू. मी सांगते त्यांना.’ चाळीस वर्षं मुलींना तेच शिकवलं मी. उभं राहा, स्पष्ट बोला. तो उठला. दोन्ही हात वर होते त्याचे. मी तोंड उघडायच्या आत त्या माणसानं गोळी झाडली. तोही घाबरलेला होता. मग लोक किंचाळले, दोघं-तिघं उठले, आणि मग पुढच्या गोळ्या."

"त्यानं कुणावर हात टाकला?"

"नाही."

"ओरडला?"

"नाही. उठताना ‘सॉरी’ म्हणाला. एवढंच. ‘सॉरी’."

पेन्सिल थांबली. मग पुन्हा चालली, अगदी लहानशी खूण झाली.

"बाहेर आल्यावर माइक पुढं आला," बाई म्हणाल्या. "तो तरुण का उठला, विचारलं. काय सांगू? गेलेल्या पोराची ही गोष्ट चारचौघांत सांगू? म्हटलं, आमच्यासाठी उठला. मला वाटलं, मी चांगलं करतेय. मग ते कुठल्या कुठे गेलं. आधी वाघ झाला, मग खुनी झाला. दोन्ही मी केलं. आणि ‘ऊठ’ही मीच म्हटलं."

काकांनी तो शेवटचा प्रश्न त्यांनाही विचारला. हातात काय होतं.

"त्याचा हात होता," बाई म्हणाल्या. "उठताना त्यानं सोडवून घेतला."

काका उठले आणि त्यांना वाकून नमस्कार केला. बाईंनी तोंडाला पदर लावला. जिन्यावर मी काकांचा दंड धरला. लक्ष्मी रस्त्याच्या गर्दीतून स्कूटर काढताना मागून एकदाच आवाज आला, "सॉरी म्हणाला." थोड्या वेळानं, स्वतःशीच, "सवयच होती त्याला."

घरी सुमनकाकू दारातच उभ्या होत्या.

"काय म्हणाल्या त्या बाई?"

काकांनी चपला काढायला फार वेळ लावला. "शेजारीच होता त्यांच्या."

"आणि?"

"त्यांना बरं नव्हतं. त्यांच्यासाठी उठला तो."

"घाबरला होता का हो?"

"नाही."

सुमनकाकूंनी माझ्याकडे पाहिलं. मीही ‘नाही’ अशी मान हलवली. तो मेसेज न तपासता पुढं पाठवला होता, तसं हे दुसऱ्यांदा. फरक एवढाच, की यावेळी मला खरं माहीत होतं.

कितीतरी दिवसांनी त्या दिवशी काकू पोटभर जेवल्या, असं काकांनी मला दुसऱ्या दिवशी सांगितलं. सांगताना तोंड अपराध्यासारखं झालं होतं. "खोटी साक्ष दिली मी, अनघाताई. आणि पुन्हा विचारलं तर पुन्हा देईन." वही त्यांनी कपाटात वर ठेवून दिली. त्यातली लिपी घरात त्यांच्याशिवाय कुणाला वाचता येत नव्हती.

"पण हडपसरच्या त्या बाईला खरं कळायला पाहिजे," ते म्हणाले.

"काका, ती सगळीकडे सांगेल. मग मिलिंदचं काय करतील लोक, ठाऊक आहे ना? हसतील."

"हसतील," ते म्हणाले. "पण तिचा माणूस गेलाय. तिला ऐकीव गोष्टीवर ठेवायचा मला अधिकार नाही."

आम्ही पुन्हा चार जिने चढलो. पुन्हा तीच जाळी. ह्या खेपेला काकांनी काही विचारलं नाही, उभ्या उभ्या सांगितलं. तीनदा हात वर केल्याचं सांगितलं, रडल्याचं सांगितलं, शेवटचा शब्द सांगितला. सांगताना त्यांचा आवाज कोर्टात वाचून दाखवत असल्यासारखा सपाट होता, फक्त "आवरत नाही" या शब्दांपाशी ते दोनदा अडले.

आतून म्हाताऱ्या सासूनं विचारलं, "कोन हाय गं?"

"कोणी नाय," रेखा म्हणाली. आणि तिनं जाळीचं दार उघडलं. आत या म्हणाली नाही. उंबऱ्यातच उभी राहिली.

"ह्यांचे कपडे पिशवीतनं आले," ती म्हणाली. "आत्याबाईंना दाखवले नाय मी. आधी धुतले. पँट चार वेळा धुतली." ती काकांकडे बघत नव्हती, जिन्याच्या कठड्याकडे बघत होती. "समद्यांचंच झालं होतं म्हणा की."

"हो," काका म्हणाले.

तिनं जाळीच्या दाराची कडी उगाच पुढंमागं केली. मग म्हणाली, "मग आता मी राग कुणाचा करू? राग होता तर सकाळी उठत होते मी."

"माझा करा," काका म्हणाले.

"तुमचा कसा करू?" ती म्हणाली. त्यात माया नव्हती. असलाच तर नुसता थकवा होता. तिनं दार लावलं, पण आपटलं नाही.

तिनं ते कुणालाही सांगितलं नाही. इतक्या वर्तमानपत्रांत, इतक्या मोबाइलांत, इतक्या तोंडांत ती एक गोष्ट मला नंतर कधीच ऐकू आली नाही.

वर्ष झालं. निवडणुका तोंडावर आल्या आणि एके दिवशी आमच्या कोपऱ्यावर निळी पाटी उभी राहिली, "वीर मिलिंद मधुकर ओव्हाळ चौक". ओव्हाळांना कुणी विचारलं नव्हतं. सुमनकाकू मात्र घराबाहेर पडायला लागल्या. दूध आणायला त्या मुद्दाम चौकातून जात आणि पाटीपुढं क्षणभर थांबत. काका मागच्या गल्लीनं जात.

पाटी जेमतेम दोन महिने टिकली. पुढं काका-काकू हे घर सोडून सोलापूरला काकूंच्या बहिणीकडे राहायला गेले. त्यांचा टेम्पो निघाला तेव्हा मी कामावर होते. म्हणून मला काका शेवटचे दिसतात ते त्या चौकातच.

सकाळचे साडेआठ वाजले असतील. मी ऑफिसला निघाले होते. देवधर फाटकात भेटले, तोंड उतरलेलं. "पाटीला कुणी काळं फासलंय," ते म्हणाले. "आत्ताच बघून आलो. त्यांना सांगायचं कसं?" सांगायची गरज नव्हती. चौकात पोचले तर सुमनकाकू स्वयंपाकघरातल्या लाकडी स्टुलावर चढलेल्या होत्या. एका हातात थिनरची बाटली, दुसऱ्यात फडकं. काळा ऑइलपेंट "वीर"वर आणि नावावर फासलेला. काकू आधी नावावरचं काळं पुसत नव्हत्या. त्या "वीर"वरचं पुसत होत्या. कोपरापर्यंत हात काळे झाले होते.

काका खाली वाकून दोन्ही हातांनी स्टूल धरून उभे होते. वरून काळे थेंब त्यांच्या पांढऱ्या शर्टावर पडत होते. ज्या एका शब्दासाठी ती बाई जिवाच्या आकांतानं घासत होती, त्या शब्दाचं खरं काय आहे हे चौकात आम्हा दोघांनाच माहीत होतं.

"काकू, उतरा, मी चढते," मी म्हटलं.

"नको," त्या वळूनही न बघता म्हणाल्या. "होत आलंय. ‘व’ दिसायला लागलाय."

गाड्या कडेनं जात होत्या. माणसं थांबून बघत होती आणि निघून जात होती. एक मोटारसायकलवाला तरुण अगदी स्टुलाला लागून थांबला, हेल्मेटची काच वर केली. नवाच असावा या भागात.

"कोण होते हो हे?" त्यानं विचारलं. "आर्मीत होते का?"

काकूंचा हात वर थांबला. त्या खाली नवऱ्याकडे बघत राहिल्या.

काकांनी मान वर केली. चष्म्यावर काळे ठिपके उडाले होते, त्यातून त्यांना तो मुलगा नीट दिसलाही नसेल.

"नाही. माझा मुलगा होता," ते म्हणाले. "जरा बाजूनं घ्या गाडी. स्टूल हलतंय."